दोन डाव्या बाह्या

पाठ

कोट कापला त्या सकाळपासून ही गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्याला मास्तरांची दया येईल. ती येऊ नये म्हणून सहा आठवडे मागं जायला हवं, कोट पहिल्यांदा खुंटीवर लागला त्या दुपारपर्यंत.

धक्क्याकडं उतरणाऱ्या रस्त्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. खोली एकच. दोन मशिनं, एक मास्तरांचं आणि एक बायकोचं. मधे कापायचं लांब टेबल, भिंतीला खुंट्यांची रांग, रस्त्याच्या बाजूला मोठी काच. मास्तरांच्या हातात कसब होतं. हे त्यांचे शत्रूही मान्य करायचे, आणि शत्रू पुष्कळ होते, कारण प्रत्येक गिऱ्हाईक ठरल्या दिवशी येऊन निदान अर्धा तास तरी शत्रू व्हायचंच. “पाच मिनिटं बसा, देतोच,” मास्तर म्हणायचे. मग इस्त्री तापायला ठेवली जायची, दोरा संपायचा, बटणांचा डबा सापडायचा नाही. रस्त्यावर त्यांचं नाव पडलं होतं पाचमिनिटं. नव्या माणसाला पत्ता सांगतानाही लोक म्हणायचे, पाचमिनिटंच्या समोरचं दार.

मास्तरांना हे ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडंसं आवडतही होतं. दारात गिऱ्हाईक घड्याळाकडं बघत उभं आहे, शेवटचा टाका दातानं तोडायचा, गरम कपडा त्याच्या अंगावर चढवायचा आणि पाठीवर हात फिरवून “घ्या” म्हणायचं, यात एक झिंग होती. आधीपासून निवांत बसलं की आपला हात चालत नाही, असं ते स्वतःला तीस वर्षं सांगत आले होते. तीस वर्षं एकच गोष्ट सांगत राहिलं की ती तपासून बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्या दुपारी लाँचवाल्याची बायको आली. लाँचवाला जाऊन चौदा वर्षं झाली होती, पण रस्त्याच्या लेखी ती अजून लाँचवाल्याचीच बायको. तिनं चादरीचं गाठोडं टेबलावर सोडलं. आत गुडघ्याखाली पोचणारा, जाड लोकरीचा निळा कोट.

“ह्यांचा आहे,” ती म्हणाली. “नदीवर घालायचे. पोरीच्या मापाचा करून हवाय. तिला परवाना मिळाला, मास्तर. पहिल्या तारखेपासून लाँच चालवणार. बापाची लाँच मोडीत निघाली, पण धक्का तोच आहे ना.”

मास्तरांनी कोट पसरला. बाहेरून कापड उन्हानं उडून राखाडी पडलं होतं. आतून मात्र कालच ठाणावरून कापल्यासारखं गडद. कोपरांवर दोन्ही बाह्या इतक्या झिजलेल्या की आत बोट धरलं तर बाहेरून दिसावं.

“उलटवू या,” मास्तर म्हणाले. “सगळा उसवायचा आणि आतली बाजू बाहेर घ्यायची. बाह्या गेल्यात, पण लांबी भरपूर आहे. तिला कमरेखाली वीतभर पुरे. खालचा घेर सुटेल, त्यातून नव्या बाह्या काढतो.”

“कापड पुरेल?”

“अगदी बेतानं पुरेल. चूक करायला तेवढं उरणार नाही.” आणि ते स्वतःच हसले.

“सहा आठवडे आहेत,” ती म्हणाली. “घाई नको. म्हणूनच एवढ्या लवकर आणला. नीट होऊ द्या.”

“अहो वहिनी, काम तसं पाच मिनिटांचं आहे.”

मागं बायकोचं मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

मास्तरांनी कोट काचेजवळच्या खुंटीवर लावला आणि वर कागद टाचला: *लाँच. पोरगी. उलट. पहिली तारीख.*

खिसा

पहिल्या आठवड्यात कोट खुंटीवर होता.

दुसऱ्या आठवड्यात पोरगी मापं द्यायला आली. उंच, सडपातळ, दोरखंड ओढून तळहात राठ झालेले. मापं देतानाही ती ताठ उभी राहिली, जणू कुणी परीक्षा घेतंय. “काका, ट्रायलला कधी येऊ?” तिनं विचारलं. “कळवतो की,” मास्तर म्हणाले. मापांचा कागद त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला. खिशासारखी सुरक्षित जागा नाही, असं त्यांचं मत होतं. एकदा खिशात टाकलं की डोळ्यांपुढून जातं, हा दुसरा फायदा.

कोट खुंटीवर.

“अहो, नुसता उसवून तरी ठेवा,” बायको म्हणाली. काजं, बटणं, टीप घालणं हे तिचं काम, आणि मास्तरांच्या शेवटच्या पाच मिनिटांतली साडेतीन नेहमी तिच्या वाट्याला यायची. “उसवायला काय डोकं लागतं?”

“उसवलेलं कापड धूळ खातं. खुंटीवर कसा, श्वास घेतोय.”

“घेऊ द्या. पहिल्या तारखेपर्यंत दम लागेल त्याला.”

लाँचवाल्याची बायको रोज बाजाराला जाताना काचेतून कोटाकडं बघायची, मास्तरांकडं बघून मान हलवायची. मास्तर कात्री उचलून दाखवायचे. कात्रीत दुसऱ्याचंच कापड असायचं.

चौथ्या आठवड्यात मास्तरांनी कोट खाली काढला, टेबलावर ठेवला, आणि तेवढ्यात एक माणूस आला ज्याला तासाभरात पँट हवी होती. कोट परत खुंटीवर गेला. पँट पंचावन्न मिनिटांत झाली. मास्तर त्या दिवशी फार खुशीत होते.

पाचवा आठवडा कसा गेला ते त्यांना आठवत नाही. आपल्यालाही सांगता येणार नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बायकोनं कोट खुंटीवरून ओढला आणि दिवसभर बसून सगळा उसवला, टाका न् टाका. वाफ देऊन एकेक तुकडा सपाट केला. जुन्या झिजक्या बाह्या मात्र तिनं न उसवताच गुंडाळून चिंध्यांच्या पिशवीत टाकल्या. “आता निदान कापा,” ती म्हणाली. मास्तर म्हणाले, “सकाळी. सकाळी हात ताजा असतो.”

डावी बाही

पोरगी बाराला येणार होती, दोनला तिची पहिली फेरी, आणि मास्तर सहाला टेबलापाशी आले, म्हणजे सहा तास, म्हणजे रग्गड, असं म्हणून त्यांनी चहा घेतला, मापांचा कागद शोधला, तो कोटाच्या खिशात होता पण कोट आता कोट राहिला नव्हता आणि खिसा कुठल्या ढिगात होता ते बायकोला विचारावं लागलं, मग साडेसातला पाठ कापली, पुढचे दोन्ही भाग कापले, खांदे जोडले, आणि खांदे असे बसले की त्यांनी स्वतःलाच मनात शाबासकी दिली आणि त्या शाबासकीच्या भरात वेग वाढवला, घेरातून निघालेले दोन पट्टे एकावर एक टाकले, दोन्हींची गडद बाजू वर, वरून बाहीचा कागद ठेवला, खडू फिरवला, कात्री चालवली, दोन्ही थर एका दमात, कारण दोनदा कापायला वेळ कुणाला आहे, शिवल्या, इस्त्री मारली, एक बाही खांद्याला लावून बघितली, झकास, घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं, दुसरी उचलली.

डावी बाही

दुसरीही डावीच होती.

शिवणकाम न जाणणाऱ्यासाठी एवढं सांगायला हवं. बाही कोपरापाशी किंचित पुढं वाकते, जसा माणसाचा हात वाकतो. म्हणून दोन थर एकदम कापायचे तर कापडं तोंडाला तोंड लावून ठेवायची, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. हे शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि तो दुसऱ्या आठवड्यात चुकतो, बोलणी खातो, मग जन्मात चुकत नाही. मास्तरांनी दोन्ही पट्टे पोटावर झोपलेल्या दोन माणसांसारखे एकाच बाजूनं ठेवले होते. उजव्या खांद्याला लावलेली ती बाही मागं वाकत होती. मोडल्या हातासारखी.

कापड उरलं नव्हतं.

मास्तर बाही हातात धरून उभे राहिले. उसवून, उलटी करून शिवली तर ती उजवी होईल. पण मग तिची राखाडी बाजू बाहेर येईल. सगळा कोट गडद निळा आणि उजवा हात उन्हानं उडालेला.

त्यांनी ती उसवायला घेतली.

“अहो, रंग,” बायको म्हणाली.

“खोलीत कळत नाही.”

“ती काय खोलीत लाँच चालवणार आहे?”

“मग काय करू? आत्ता तूच सांग.”

“तिला सांगा. चूक झाली म्हणा. आठ दिवस मागा. आज बिनकोटाची जाईल.”

“पहिला दिवस आहे तिचा.”

“म्हणूनच म्हणते.”

मास्तर उसवतच राहिले. पुढचा तासभर दुकानात फक्त मशीनचा आवाज होता. बायकोनं काजं केली, नेहमीसारखी सुबक, पण मान वर केली नाही.

बाराला पाच कमी असताना पोरगी आली. मास्तरांनी कोट तिच्या अंगावर चढवला, पाठीवरून हात फिरवला आणि “घ्या” म्हणाले. खांदे अंगावर काढल्यासारखे बसले होते. तिनं आरशात पाहिलं, हसली, मग काचेपाशी उजेडात गेली, आणि दोन्ही हात समोर धरले.

“काका, ही बाही वेगळी दिसते.”

आता खरं सांगायला जेवढा वेळ लागला असता तेवढाच खोटं सांगायलाही लागला. मास्तर म्हणाले, “तो तुझ्या वडिलांचा हात आहे. तो हात ते कायम खिडकीबाहेर ठेवायचे ना, ऊन खाऊन खाऊन रंग उडालाय. म्हटलं, तेवढी खूण राहू दे.”

त्या दिवशी दुकानात झालेल्या कामांत हेच सगळ्यात बेतशीर बसलं. पोरगीनं डाव्या हातानं उजव्या बाहीवरून बोटं फिरवली, मनगटापासून खांद्यापर्यंत, सावकाश. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याचा कुठला हात कुठं असायचा हे तिला कसं आठवणार.

“हो,” ती म्हणाली. “अशीच राहू दे.”

ती गेली. बायको इस्त्री केलेल्या कापडावर पुन्हा इस्त्री फिरवत होती.

“गुडघ्याखालचं कापड ते,” ती हळूच म्हणाली, मास्तरांना नव्हे, इस्त्रीला.

अस्तर

अस्तर आत असतं. कुणी बघत नाही, पण दिवसभर अंगाला तेच लागतं.

मास्तरांना दर पंधरा दिवसांनी पलीकडच्या काठावर जावं लागे, बटणं आणि दोऱ्यांसाठी. लाँचनं दहा मिनिटं. या वेळी ते पुलावरून गेले. पूल पाऊण तासाच्या अंतरावर. “पायाला व्यायाम,” त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “पायाला कशाला शिक्षा, त्यांनी काय केलंय?”

पण तिसऱ्या आठवड्यात ऐन कामात पांढरा दोरा संपला आणि पुलावरून जायला वेळ नव्हता. पुन्हा तेच. वेळ नव्हता. मास्तर मान खाली घालून लाँचमध्ये चढले आणि सगळ्यात मागं, एका पोत्याच्या आड बसले.

“काका, पुढं या की,” केबिनमधून हाक आली.

नवी लाँच, दोन्ही बाजूंना काचा. पोरगी डाव्या हातानं चाक धरून उभी होती आणि उजवा हात, राखाडी बाहीतला, खिडकीतून बाहेर. कोपर काठावर टेकवलेलं. उन्हात ती बाही अशी उठून दिसत होती की पलीकडच्या काठावरूनही कुणी ओळखावी.

“हेच ते मास्तर,” तिनं शेजारी उभ्या असलेल्या तिकीटवाल्याला सांगितलं. “माझ्या बाबांचा हात ह्यांनीच ठेवला.”

तिकीटवाला म्हणाला, “आम्हाला वाटलं होतं, एकच बाही उन्हात वाळत घातलीत, बाकी कोट विसरलात. मग हिनं सांगितलं. आता सगळ्यांना पाठ झालीय ती गोष्ट.” एक म्हातारे प्रवासी उठले आणि त्यांनी मास्तरांना बसायला जागा दिली.

मास्तर बसले. दहा मिनिटांच्या त्या फेरीत पोरगीनं एकदाही उजवा हात आत घेतला नाही. वळण आलं तेव्हा तिला दोन हात लागले असते; तिनं एकाच हातानं जोर काढला, खांदा वाकडा करून. मास्तरांच्या ते ध्यानात आलं. मापं त्यांनीच घेतली होती, तो खांदा त्यांना पाठ होता. आपण बोललेलं एक वाक्य ही मुलगी अंगानं पाळतेय, हे दिसत असताना तिथं बसून राहणं भाग होतं. कान इतके तापले की त्यांनी टोपी खाली ओढली.

दोन दिवसांनी, बुधवारी, लाँचवाल्याची बायको दुकानात आली. हातात काही नव्हतं. टेबलाच्या पलीकडं उभी राहिली.

“बसा ना, वहिनी.”

“बसत नाही. बावीस वर्षं मी ह्यांना धक्क्यावर डबा द्यायला जायचे, मास्तर. जुन्या लाँचची खिडकी डाव्या हाताला होती. उजवीकडं सगळी फळी. उजव्या हाताला ऊन कधी लागलंच नाही.”

बायकोनं मशीनवरचा पाय काढला.

“रोज ह्या काचेवरून जायचे मी,” लाँचवाल्याची बायको पुढं म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. “कोट खुंटीवर दिसायचा. मला वाटायचं, मास्तर विचार करतायत. चांगला कारागीर आधी नुसतं बघत राहतो म्हणतात. घरी जाऊन पोरीला सांगायचे, आपला कोट चांगल्या हातात आहे.”

मास्तरांनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला, परत उचलला.

“वहिनी, मी तुम्हाला—”

“मला नका सांगू. मी तिला काही बोलले नाही, बोलणार नाही. मी बोलले तर तिला वाटेल आई हिरावून घेतेय. जे तुम्ही दिलंत ते तुम्हीच परत घ्या. तिला सुट्टी मंगळवारी. बटण सैल झालंय म्हणून पाठवते.”

दारात ती थांबली. “बटण चांगलं घट्ट आहे हो,” ती बायकोकडं बघून म्हणाली. “तुमची काजं सुंदर आहेत.”

माया

बुधवार ते मंगळवार. मध्ये सहा दिवस.

चिंध्यांच्या पिशवीतून जुन्या बाह्या निघाल्या. बायकोनं त्या बांधून ठेवल्या होत्या, गाठ मारून, जणू तिला माहीत होतं. कोपरांचा भाग गेलेला. पण दोन्हींच्या दंडाचा आणि मनगटाचा भाग शाबूत होता, आणि आतून गडद. चार चांगले तुकडे. त्यातून एक उजवी बाही निघेल का?

गेल्या महिन्यातले मास्तर म्हणाले असते, निघेल, आणि कात्री घेतली असती. ह्या मास्तरांनी बुधवारी फक्त तुकडे मांडले. गुरुवारी परत मांडले, वेगळे. तुकडे दोन बोटं कमी पडत होते.

मग त्यांना शिवणी दिसल्या. कपडा शिवताना आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढं कधी सैल करायचा झाला तर म्हणून, त्याला माया म्हणतात. जुना कोट कुणी शिवला होता कोण जाणे. पण त्या अनोळखी माणसानं बाहीच्या शिवणीत दोन्हीकडं दोन-दोन बोटं माया ठेवली होती, आणि तिच्या कडा हातानं बांधल्या होत्या, एकसारख्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी. अस्तराच्या आत. जिथं चाळीस वर्षांत कुणी बघणार नव्हतं तिथं. मास्तरांनी भिंग घेऊन ते टाके पाहिले. एकाही टाक्यात घाई नव्हती. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ टेबलाची कड धरून उभे राहिले.

“काय झालं?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. माया आहे. पुरेल.”

शुक्रवारी त्यांनी जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाची बाही कापून पाहिली. ती थोडी आखूड झाली. शनिवारी दुसरी. ती बरोबर आली. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, म्हणालं, “मास्तर, माझी विजार?” मास्तर म्हणाले, “गुरुवारी.” “पाच मिनिटांत नाही का होणार?” “नाही होणार.” गिऱ्हाईक घाबरून गेलं. बाहेर जाऊन त्यानं समोरच्या दारात सांगितलं की पाचमिनिटंची तब्येत बरी दिसत नाही.

रविवारी निळं कापड कापलं. एकच थर. गडद बाजू वर, कागद ठेवला, खडू फिरवला, कागद उचलला, पुन्हा ठेवला. बायकोला बोलावलं. “ही कुठली?”

“उजवी.”

“नक्की?”

तिनं स्वतःचा उजवा हात त्या खडूच्या रेघेवर ठेवला. कोपर पुढं वाकलं, रेघेबरोबर. “नक्की,” ती म्हणाली.

सोमवारी दुपारी चारला सगळं तयार होतं. बाही शिवून, इस्त्री करून, कच्च्या टाक्यांनी वरचा घेर थोडा गोळा करून. निळा दोरा सुईत ओवलेला. उसवायचं पातं टेबलाच्या उजव्या कडेला. बोटात घालायचं अंगुस्तान. ओला रुमाल. मास्तरांनी खडूचे डागसुद्धा पुसले. आणि मग करायला काही उरलं नाही.

हे त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. काम आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कधी एवढी मोकळी जागा नव्हती. मास्तर स्टुलावर बसले आणि त्या मोकळ्या जागेत एकेक जण येऊन बसायला लागलं: परीक्षेला पोरगा आखूड पँटमध्ये पाठवणारा बाप, घाईत उलटी कॉलर लागलेली ती नर्स, जी काही न बोलता तसाच झगा घालून गेली, आणखी कितीतरी. इतकी वर्षं ह्या माणसांना दारातून आत यायला मास्तरांनी वेळच दिला नव्हता. पुढचं गिऱ्हाईक नेहमी हजर असायचं. आता कळत होतं की घाईचा त्यांना काय उपयोग होता.

बायकोनं चहा आणून ठेवला. तो गार झाला.

उजवी बाही

मंगळवारी पोरगी दीडला आली. कोट अंगावरच होता.

“आई म्हणाली बटण सैल आहे. मला तर कुठलंच दिसत नाही.”

“बटण घट्ट आहे,” मास्तर म्हणाले. “कोट काढ आणि बस. मला तुला एक सांगायचंय.”

सहा दिवस त्यांनी वाक्यं जुळवली होती. लांब, चांगली वाक्यं होती. त्यात ‘नाइलाज’ हा शब्द दोनदा होता. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही.

“ती बाही तुझ्या वडिलांच्या हाताची नाही. कोटाच्या खालच्या घेरातलं कापड आहे. माझ्याकडं सहा आठवडे होते आणि मी शेवटच्या सकाळी कापला. घाईत दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड उरलं नव्हतं म्हणून एक उलटी करून लावली. तू विचारलंस तेव्हा तोंडाला आलं ते बोललो. खिडकी डावीकडं होती.”

पोरगीनं टेबलावरच्या कोटाकडं पाहिलं आणि मग स्वतःच्या उघड्या उजव्या हाताकडं. तो हात कोपरापासून खाली रापलेला होता, डाव्यापेक्षा कितीतरी जास्त.

“आईला माहीत आहे?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवशीच कळलं असेल.”

तिनं उजवा खांदा डाव्या हातानं दाबला. “दुखतो हा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, बाबांचाही दुखत असेल. बरं वाटायचं त्याचं.”

मास्तरांना वर बघवेना. तिनं ओरडावं, कोट तोंडावर फेकावा, दारात उभं राहून रस्त्याला ऐकू जाईल असं काही बोलावं, अशी त्यांची तयारी होती. तयारी सगळ्याची होती. ह्याची नव्हती.

“ती कशाची?” तिनं नव्या बाहीकडं बोट केलं.

“त्यांच्या बाह्यांची. खऱ्या. थोडा डाव्या हाताचा भाग आहे, थोडा उजव्या. कोपराच्या वर जोड द्यावा लागला. तो दिसेल. लपवता आला असता, पण मग तिथं ताण येतो.”

“दिसू दे.” “किती वेळ लागेल?”

मागं बायकोचं मशीन थांबलं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग घड्याळाकडं न बघता म्हणाले, “तास. दीड धर.”

पोरगीनं स्टूल ओढलं, अगदी टेबलाला लावून, आणि बसली. “इथंच बसते. बघते.”

मास्तरांनी आयुष्यात कुणाला समोर बसवून काम केलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात आणि आपली पाठ त्याच्याकडं, अशी त्यांची रीत. आता तिची नजर त्यांच्या बोटांवर होती. त्यांनी पातं उचललं आणि राखाडी बाही उसवायला घेतली. त्यांचेच टाके. जवळून पाहिलं तर एक लांब, एक आखूड, दोन एकमेकांवर चढलेले. ते तिलाही दिसत होते. त्यांनी ते झाकले नाहीत. एकेक टाका कापला, दोऱ्याचे तुकडे चिमटीनं वेचून बाजूला ठेवले.

बाही सुटली. नवी जागेवर आली. मास्तर हातानंच शिवत होते.

“असंच करतात का हे नेहमी?” मध्येच तिनं विचारलं.

“करायचं असतं असंच.”

बायको खोकली. बहुतेक खोकलीच.

सव्वा तासानं शेवटची गाठ मारली. मास्तरांनी कात्रीनं दोरा कापला आणि कोट तिच्यापुढं धरला. तिनं तो त्यांच्या हातून घेतला आणि आपला आपण घातला. पाठीवर हात फिरवायला मास्तरांचा हात उठला होता, तो त्यांनी मागं घेतला. ती काचेपाशी गेली आणि दोन्ही हात समोर धरले. दोन्ही गडद. उजव्या कोपराच्या वर एक आडवी शिवण, लांबूनही दिसणारी.

तिनं ती शिवण अंगठ्यानं चाचपली.

“लोकांना काय सांगू?” ती म्हणाली. “सगळ्यांना पाठ आहे ती गोष्ट.”

“माझं नाव सांग. चूक माझी होती म्हणून सांग.”

“ते सांगेनच,” ती म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, माफीही नव्हती. दारापर्यंत जाऊन वळली. “ती जुनी बाही द्या.”

मास्तरांनी राखाडी बाही घडी करून दिली. ती कशाला हवी, हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, एवढं त्यांना कळलं. तिनं ती डाव्या खिशात घातली आणि धक्क्याच्या विरुद्ध दिशेनं, घराकडं, वर चढून गेली.

मास्तर काचेपाशी उभे होते. समोरच्या दारातला माणूस त्यांच्याकडं बघत होता. त्यानं हात वर केला. मास्तरांना हात वर करता आला नाही.

“पाच मिनिटं बसा आता,” बायको म्हणाली, आणि पोरगीनं सोडलेलं स्टूल पायानं त्यांच्याकडं सरकवलं.

ते बसले. मग उठले, गुरुवारच्या विजारीचं कापड काढलं आणि टेबलावर पसरलं. कात्री घेतली नाही. आज मंगळवार होता, आधी नुसतं बघायला वेळ होता.